आलोच हं! उठू नका

१२ फेब्रुवारी

प्रिय टिकले,

हे पत्र मी आकाशाच्या पाठीवर लिहिते आहे. आमच्या तारांगणात दर महिन्याला आकाशाचा नकाशा छापून वाटतात ना, त्याची मागची बाजू कोरी असते. जानेवारीचा गठ्ठा उरला आहे आणि माझ्यापुढे वेळही उरला आहे, कारण माझा संगणक अपडेट होतोय. मी त्याला हो म्हटलं नव्हतं. त्याने मला विचारलंही नव्हतं.

ऐक तर खरं. दुपारचा खेळ. घुमटाखाली शाळेची अख्खी तुकडी माना टाकून बसलेली. दिवे मालवले, सूर्य मावळवला, चांदण्या आणल्या, आणि पोरांना शनीजवळ नेत नेत म्हटलं, "आता डोळे मोठे करा, कडी येतायत." मी कळ दाबली. कडी आली नाहीत. सगळं आकाश निळं झालं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं उमटली:

"आलोच हं! उठू नका."

खाली एक पांढरं चक्र गरगर फिरतंय. एका मुलाने विचारलं, "हाच का शनी?" त्यावर अशी हशा-टाळ्यांची धमाल उडाली की माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही ताऱ्याला तेवढी दाद मिळालेली नाही. मास्तरीणबाई पोरांना घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी फोन करूनच येऊ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. आमचे विश्वस्त आधीच कुरकुरतायत. एक कंपनी तयार फिल्म भाड्याने देते. आकाश, आवाज, संगीत, सगळं आधीच भरलेलं. बटण दाबलं की झालं. मग मी कशाला? मॅनेजरसाहेब गोड बोलून म्हणाले, "तुमच्यासाठी स्वागतकक्षात टेबल आहेच." टिकले, मी माणसांना वर बघायला लावणारी बाई. मला टेबलामागे बसवून चौकशी कुठे आणि प्रसाधनगृह कुठे हे सांगायला लावणार!

तू त्या मोठ्या कंपनीत संगणकासाठी काहीतरी लिहितेस ना? कोणाला तरी विचार, हे "आलोच हं" लिहिणारं शहाणं माणूस कोण. त्याला मला एकदा घुमटाखाली बसवायचं आहे आणि दार बाहेरून लावून "आलेच हं" म्हणायचं आहे.

चक्र अजून फिरतंय. ताईला म्हणावं पाय दुखत असतील तर जिने चढू नकोस.

तुझी,
मावशी


२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसात मिळालं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. घास घशात अडकला. शेजारच्या मुलीने पाठीवर थापट्या मारल्या.

आधी कामाचं सांगते. सेटिंगमध्ये "कामाचे तास" म्हणून एक जागा आहे. तिथे तुमच्या खेळांच्या वेळा भरून टाक, म्हणजे त्या वेळात तो अपडेट करणार नाही. शिवाय खेळ चालू असताना इंटरनेटची वायर काढून ठेव. शनीला इंटरनेट लागत नाही.

ते वाक्य कोणी लिहिलं ते विचारून बघते, पण कंपनी फार मोठी आहे गं, एका वाक्याला दहा हात लागतात. लिहिणारी व्यक्ती बहुधा वाईट नसावी. वरून सांगितलं असेल, "सूर घरगुती हवा, लोकांना आपलं वाटलं पाहिजे," म्हणून तिने लिहिलं असेल. ते घुमटाएवढं होऊन पोरांच्या डोक्यावर पडेल हे बिचारीच्या स्वप्नातही आलं नसेल.

मी मजेत आहे. आई जिने चढतेच आहे, माझं ऐकत असती तर काय हवं होतं! फिल्मवाल्यांचं मनावर घेऊ नकोस. तुझ्यासारखं सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

हातानेच लिहितेय, कारण दिवसभर मला चार शब्दांत सगळं सांगावं लागतं. तुला लिहिताना कसं सैल सुटता येतं.

तुझी,
टिकली


६ मार्च

प्रिय टिकले,

पुन्हा आकाशाच्या पाठीवर. यावरून काय ते समज.

तुझं सगळं ऐकलं. कामाचे तास भरले. वायर काढली. आठवडाभर यंत्र शहाण्यासारखं वागलं आणि मी उगाच हुरळून गेले. मग परवा हिशेबनीसबाईंना ईमेलने आलेलं एक पत्र छापून हवं होतं म्हणून वायर लावली, आणि संध्याकाळी यंत्र बंद करायला गेले, तर पडद्यावर दोनच बटणं. "अपडेट करून बंद करा" आणि "अपडेट करून पुन्हा सुरू करा". तिसरं काही नाही. टिकले, ही काय निवड झाली? पाहुण्याला विचारायचं, आत्ता जेवता की जेवूनच जाता!

सकाळी सुरू केलं तर सगळं नवंकोरं. कोपरे गोल झालेत, रंग गुळगुळीत झालेत, माझी बटणं डावीकडून मध्ये आलीत. एवढं सगळं मी गिळलं असतं. पण प्रोजेक्टर दिसेना. पडद्यावर पाटी: "हे उपकरण जुनं आहे. यापुढे ते चालणार नाही." अगं, कालपर्यंत त्याच उपकरणाने अख्खी आकाशगंगा दाखवली. एका रात्रीत त्याला म्हातारपण कुठून आलं? मागे जाण्याची सोय होती ती करून पाहिली. तीही म्हणाली, आता जाता येणार नाही.

दुरुस्तीवाला आला, यंत्राभोवती फेरी मारली आणि नवा प्रोजेक्टर घ्या म्हणाला. मॅनेजरसाहेब म्हणाले, नवा घ्यायचाच तर तो फिल्मसकट येतो. म्हणजे घोडं पुन्हा तिथेच अडलं. विश्वस्तांची बैठक घुमटाखालीच ठेवली आहे, दोन एप्रिलला. त्या दिवशी मी नेहमीचा खेळ करून दाखवला तर ठीक, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून फिल्म सुरू आणि मी टेबलामागे.

आता एक विचारायचं आहे. समोरच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई आहेत ना, त्यांनी त्यांचे सगळे संगणक गेल्या वर्षी लिनक्सवर नेले. त्या म्हणतात, "तुमचं यंत्र चांगलं आहे हो, त्याच्या डोक्यावर बसलेलं भूत तेवढं बदला." मी मान डोलावली, पण खरं सांगू, मन धजत नाही. या वयात घर बदलायचं म्हणजे भांडी कुठे आणि चमचे कुठे यातच वर्ष जायचं. आणि माझ्याकडे वर्ष नाही. हे लिनक्स म्हणजे नेमकं प्रकरण काय? फुकट आहे म्हणतात, म्हणून जास्तच भीती वाटते.

तुझ्या कंपनीची बाजू घेऊ नकोस. भाची म्हणून सांग.

मावशी


१४ मार्च

प्रिय मावशी,

भाची म्हणून सांगते. बदल.

आणि आता दुसरं, जे मागच्या पत्रात मी शिताफीने टाळलं. "आलोच हं! उठू नका" मी लिहिलं. शहाणं माणूस म्हणजे मी. ती बिचारी वगैरे पण मीच. सगळ्या अपडेटच्या पडद्यांवरची वाक्यं माझ्याकडे असतात. तुझा खेळ माझ्याच शब्दांनी बंद पाडला, हे वाचलं त्या दिवशी मला लाज वाटली, आणि सांगायला त्याहून जास्त. घुमटाखाली बसव, दार लाव, काय करायचं ते कर.

आता लिनक्स. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा घरकारभारी. कुठली वस्तू कुठे, कोणी कधी बोलायचं हे ती ठरवते. आमचा कारभारी आमच्या कंपनीचा नोकर आहे, तो आधी कंपनीचं ऐकतो, मग तुझं. लिनक्सचा कारभारी कोणा एकाचा नाही. जगभरच्या माणसांनी मिळून तो घडवलाय आणि त्याचं पोट उघडून कोणीही आत बघू शकतं. म्हणूनच तो फुकट आहे, त्यात फसवाफसवी नाही. अपडेट त्यालाही येतात, पण तो विचारतो, आणि तू नको म्हणालीस तर गप्प बसतो. जुनी यंत्रं तो सहसा टाकून देत नाही, कारण कुठेतरी कोणीतरी तेच यंत्र वापरत असतं आणि त्याच्यासाठी झटत असतं. आकाश दाखवणारे चांगले प्रोग्रॅमही त्यावर चालतात.

घाबरून एकदम घर मोडू नकोस. ग्रंथपालबाईंना सांग, पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून दाखवा. तुझ्या संगणकातलं काहीही पुसलं जात नाही. प्रोजेक्टर ओळखला तर पुढचं पाऊल, नाही तर पेन ड्राइव्ह काढून घे, काही घडलंच नाही असं समज.

पगार यांचा खाते आणि सल्ला हा देते, तेव्हा हे पत्र फाडून टाक. नाहीतर नको फाडूस, मला फरक पडत नाही.

कारण इथेही मी भांडते आहे. तुझं "जेवता की जेवूनच जाता" मी बैठकीत जसंच्या तसं म्हटलं. तिसरं बटण हवं, "मी सांगेन तेव्हा". आमचे प्रमुख शांतपणे म्हणाले, "नको म्हणायची सोय दिली तर लोक नको म्हणतील." मी म्हटलं, "मग?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची खुर्ची मागितली. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला आहे.

त्या निळ्या घुमटाचा कोणी फोटो काढला होता का गं? असेल तर पाठव.

टिकली


२३ मार्च

प्रिय टिकले,

आधी तुझी समजूत काढते, मग माझी बढाई.

वेडे, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. "आलेच हं! उठू नका" असं पाहुण्यांना सांगून आत जाणारी आणि तासभर बाहेर न येणारी बाई या पृथ्वीवर एकच आहे आणि ती माझी ताई आहे. तू बाईचा पुरुष केलास, बाकी वाक्य तुझ्या आईचं. म्हणून तर तुला लिहिलं, नाहीतर कंपनीला लिहिलं नसतं? मला बघायचं होतं तू किती दिवस दम काढतेस. एक महिना काढलास, ताईवर गेली आहेस. घुमटाची शिक्षा माफ. चांगलं वाक्य वाईट ठिकाणी वापरलंस, एवढाच तुझा गुन्हा.

आता ऐक. शुक्रवारी ग्रंथपालबाई आल्या. नखाएवढा पेन ड्राइव्ह. लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर धावायला लागल्या, मी म्हटलं संपलं, यंत्र बरळायला लागलं. बाई म्हणाल्या, "बरळत नाही, काय काय सापडलं ते मोठ्याने सांगतोय." मला हे फार आवडलं. मग साधा नीटनेटका पडदा आला. चमचे कुठे आहेत ते लगेच दिसलं. आणि मग माझ्या डोक्यावर खर्र असा आवाज झाला.

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. प्रोजेक्टरचा पंखा! वर पाहिलं तर घुमटाच्या मधोमध उजेडाचा गोल. काही विचारलं नाही, काही विकत मागितलं नाही, म्हाताऱ्याला हाक मारली आणि तो उठून बसला. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, टिकले. एकटीने, रिकाम्या घुमटात. ग्रंथपालबाई आधी हसल्या आणि मग त्याही वाजवायला लागल्या.

शनिवारी जुनं सगळं दोन ठिकाणी जपून ठेवलं आणि नवा कारभारी कायमचा बसवला. सगळं लोण्यासारखं झालं असं मात्र नाही. आवाज येईना. मी उद्घोषणेच्या कर्ण्यावर ठोसे मारून पाहिले. शेवटी कळलं की आवाज येत होता, पण घुमटातल्या कर्ण्यांऐवजी माझ्या हेडफोनच्या भोकातून. एक खूण बदलली आणि संगीत घुमलं. आकाश दाखवणारा नवा प्रोग्रॅम तर असा देखणा आहे की मी दुपारचं जेवायला विसरले.

मॅनेजरसाहेबांनी तो निळा फोटो काढलाच होता, माझ्याविरुद्ध विश्वस्तांना दाखवायला. त्याची एक प्रत मागून घेतली. "कशाला हवी?" म्हणाले. म्हटलं, "आठवण." सोबत पाठवते आहे.

आता खरं सांगते. आनंद झालाय, पण भीती गेलेली नाही. नव्या प्रोग्रॅमवर हात बसायला दिवस थोडे आहेत आणि विश्वस्त अंधारात बसून माझी चूक शोधणार आहेत. घुमटाच्या कडेला जिथे बसून मी खेळ चालवते, ती माझी खोपी मला सोडायची नाही गं. बाकी काही नको.

मावशी


२७ मार्च

प्रिय मावशी,

छोटंसंच लिहिते, टपालाची वेळ टळेल.

तू मला महिनाभर खेळवलंस! आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी कधी तासभर लावते?" आणि हे बोलून स्वयंपाकघरात गेली ती गेलीच.

फोटो पाहून मी ऑफिसात मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ हसू आलं नाही. कडेला पोरांची डोकी दिसतात, वर बघणारी, आणि वर आकाश नाही, मी आहे. पुढच्या बैठकीत तो भिंतीएवढा लावणार आहे.

तू घाबरू नकोस, आणि घाबरलीसच तर घाबरून बोल. तुझा आवाज घाबरला की जास्त छान होतो. मी सहा वर्षांची असताना तुझ्या घुमटाखाली बसून रडले होते, कारण खेळ संपला आणि छत दिसलं. ते कुठल्या फिल्ममुळे झालं नव्हतं.

एकच गोष्ट मनात सलते. तुझी सगळी पत्रं अपडेट चालू असताना लिहिलेली. आता यंत्र अडणार नाही, मग तू लिहिणार कधी?

दोन तारखेला दिवसभर माझं लक्ष तिकडेच असेल.

टिकली


३ एप्रिल

टिकले गं टिकले!

जिंकलो. आधी हे वाचून घे, मग पाणी पी आणि पुढचं वाच.

विश्वस्त आले, सगळे. अध्यक्षीणबाई मधल्या खुर्चीत, मांडीवर पर्स आणि नजर मनगटावरच्या घड्याळावर. फिल्मवाल्यांचा माणूसही हसतमुखाने आलेला. घुमट अगदीच रिकामा दिसू नये म्हणून मी त्याच शाळेच्या मास्तरीणबाईंना गळ घातली होती. त्या आल्या, तीच तुकडी घेऊन. फोन करूनच आल्या, शब्दाच्या पक्क्या.

दिवे मालवले. संगणक जागेवर, आवाज जागेवर. माझा खेळ सूर्यास्ताने सुरू होतो हे तुला माहीत आहेच. सूर्य पश्चिमेला, म्हणजे बाहेर जायच्या दारावर मावळतो. मी कळ दाबली, सूर्य निघाला, आणि दाराकडे पाठ फिरवून थेट अध्यक्षीणबाईंच्या मागे, पूर्वेला उतरायला लागला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वर बघते तर चांदण्या उमटू लागलेल्या, आणि सगळं उलटं. सिंह उलट्या तोंडाने उभा. मृग मावळतीला हवा, तो उगवतीला. अख्खं आकाश आरशात बघावं तसं. मॅनेजरसाहेब खाकरले. फिल्मवाल्याने खुर्ची सावरली. मी हात कळीवर ठेवला, आणि तेवढ्यात पोरांमधून एक मुलगी ओरडली, "ओ बाई, सूर्य चुकला! दार तर तिकडे आहे!"

टिकले, त्या मुलीच्या हातात माझी लाज होती आणि तिने ती माझ्या हातात आणून दिली. मी म्हटलं, "शाब्बास! आणखी काय काय चुकलंय? शोधा." आणि काय सांगू, अख्खा घुमट कामाला लागला. पोरं ओरडतायत, "सिंह उलटा!" "मृग तिकडे हवा!" विश्वस्तांपैकी टकलेसाहेब आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून म्हणाले, "सप्तर्षीही उलटे दिसतात हो." मी सांगितलं, "मंडळी, आकाशाचा एक मोठा काचेचा गोल करा आणि त्याच्या बाहेर उभं राहून बघा. असंच दिसेल. आत्ता आपण सगळे आकाशाबाहेर उभे आहोत. आपलं घर आत आहे. येऊया आत?" पोरं म्हणाली, "येऊया!" मी एक कळ दाबली. सगळं आकाश एका झुळकीसरशी पालटलं, सूर्य दारावर आला, सिंह सरळ झाला, आणि घुमटाखालच्या सगळ्यांच्या तोंडून एकच मोठा श्वास बाहेर पडला. मग सूर्य दारामागे गेला, रीतसर, मी सांगितलं तेव्हा.

शनीची कडी दाखवली तेव्हा माझा आवाज कापत होता. तू म्हणालीस तसाच, कापू दिला.

दिवे लागल्यावर अध्यक्षीणबाई उठेनात. मला वाटलं, आता येतोय निकाल. त्या म्हणाल्या, "ते पुन्हा एकदा उलटं करून दाखवता का?" दाखवलं. मग म्हणाल्या, "आता पुन्हा आत." नेलं. घड्याळ पर्समध्ये टाकलं होतं त्यांनी. मग फिल्मवाल्याकडे वळून विचारलं, "तुमच्या फिल्ममध्ये कोणी चूक काढली तर काय होतं?" तो म्हणाला, "आमच्यात चूक होतच नाही, मॅडम." बाई म्हणाल्या, "तेच तर." आणि संपलं. नको म्हणून कळवलं. तिथल्या तिथे, एका शब्दात. खेळ माझे, आवाज माझा, खोपी माझी. मॅनेजरसाहेबांनी स्वतः येऊन हात मिळवला, आणि खरंच सांगते, मनापासून.

सगळे गेल्यावर ग्रंथपालबाई खोपीत आल्या, चेहरा पांढराफटक. "माझ्यामुळे झालं हो. सकाळी तपासायला आले, तर पडद्यावर पूर्व डावीकडे. नकाशात पूर्व कधी डावीकडे असते का? मला वाटलं राहून गेलंय, म्हणून जाता जाता सरळ करून ठेवलं." अगं, जन्मभर नकाशांची पुस्तकं लावलेली बाई ती! मी तिला म्हटलं, "जमिनीचा नकाशा पायाखाली पसरून बघतात, आकाशाचा डोक्यावर धरून. म्हणून पूर्व डावीकडे." तिने गठ्ठ्यातला एक नकाशा उचलून डोक्यावर धरला, गोल फिरून पाहिला आणि मटकन खाली बसली. मग आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मी तिला मिठी मारली. तिने चूक केली नसती तर मी फक्त बरा खेळ केला असता.

विचार कर, हेच जर त्या जुन्या कारभाऱ्याने केलं असतं तर? मला एका कळीत सरळ करू दिलं असतं?

तुझी विजयी,
मावशी


१२ एप्रिल

प्रिय विजयी मावशी,

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "नको म्हणून कळवलं" इथे तिने टेबलावर अशी थाप मारली की कपबशी खाली. फुटली. तिला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता माझं ऐक. बैठक झाली. प्रमुखांनी आकडे मांडले, किती लोकांनी अपडेट पूर्ण केलं, कसे सगळे खूश आहेत. माझी पाळी आली. मी तुझा फोटो भिंतीएवढा लावला. निळा घुमट, कडेला पोरांची डोकी, आणि "आलोच हं! उठू नका." खोलीत आधी हसू फुटलं. मी म्हटलं, "ही मुलं शनी बघायला आली होती." मग हसू थांबलं. मी म्हटलं, "हे वाक्य माझं आहे आणि मला ते त्यांच्या डोक्यावरून काढायचं आहे. त्यांना आकाश दाखवणाऱ्या बाईला नको म्हणता आलं असतं तर ती आज आपल्याकडेच असती. ती गेली. लिनक्सवर गेली आणि तिथे सुखात आहे."

कोपऱ्यात आमच्या सगळ्यात वरच्या बाई बसल्या होत्या, त्या कधी बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "कोण ही?" मी म्हटलं, "माझी मावशी." त्या म्हणाल्या, "माझ्या वडिलांनीही आपल्या कंपनीची सिस्टीम काढून टाकली. मला सांगितलं नाही, मला घरी गेल्यावर दिसलं." आणि प्रमुखांकडे बघून म्हणाल्या, "तिसरं बटण द्या."

मिळालं, मावशी! पुढच्या अपडेटमध्ये येतंय. "मी सांगेन तेव्हा." तीन शब्द, आणि मी लिहिलेली सगळ्यात चांगली गोष्ट. दाबलं की यंत्र गप्प. प्रमुख माझ्याशी दोन दिवस तुटक वागले, तिसऱ्या दिवशी कॉफी घेऊन आले.

तू आता आमच्याकडे नाहीस, तुला ते दिसणार नाही, एवढीच रुखरुख.

टिकली


५ मे

प्रिय टिकले,

दिसलं!

तिकीटखिडकीवरचा संगणक अजून तुमच्याच कारभाऱ्याच्या ताब्यात आहे. तिकीटवाल्यांना बदल सोसत नाही. काल त्यांनी हाक मारली, "बाई, हे काहीतरी नवं विचारतंय." मी जाऊन बघते तर तीन बटणं. शेवटचं, "मी सांगेन तेव्हा". तिकीटवाले म्हणाले, "दाबू का?" म्हटलं, "थांबा, हे माझ्या भाचीचं आहे, मी दाबते." दाबलं. यंत्र गप्प बसलं, आणि रांगेतल्या माणसांना तिकिटं मिळाली. त्यांना कळलंही नाही काय झालं ते. मी मात्र तिथेच उभी राहून चष्मा पुसला.

ताईला घेऊन ये. मधल्या दोन खुर्च्या तुमच्या. आकाशाबाहेर जाऊन परत आत यायचा खेळ आता रोज करावा लागतो, लोक मागून घेतात. ग्रंथपालबाई दर शनिवारी येतात आणि उलटं करायची कळ हक्काने स्वतः दाबतात.

आणि तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर, मी लिहिणार कधी. आज बघ. यंत्र तयार आहे, पंखा खर्रखर्र चालू आहे, सूर्य दाराच्या वर थांबून माझी वाट बघतोय. काहीही अडलेलं नाही. तरी मी एप्रिलचा नकाशा पालथा घालून लिहायला बसले आहे. आता तिकीटवाले खोपीत डोकावून म्हणाले, "बाई, घुमट भरलाय, लोक वाट बघतायत."

मी मान वर न करता म्हटलं, "आलेच हं! उठू नका म्हणावं त्यांना."

तुझी,
मावशी